हवेत झाडलेल्या गोळ्या

मला खोटं बोलता येत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, आणि तेच मुळात धादांत खोटं आहे. मी लहान मुलांची डॉक्टर होते. "अजिबात दुखणार नाही हं बाळा," असं म्हणत सुया टोचण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. मुलं भोकाड पसरायची, त्यांच्या आया हसायच्या, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. पण दोन हिवाळ्यांपूर्वी मी एक खोटं बोलले, ते मात्र अजून घशाशी अडकून बसलं आहे. ते निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. म्हणून एकदाचं लिहून काढते.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझं डोकं फिरायची वेळ आली. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलची थंडी, दारात गुडघाभर बर्फ, मुलगी लांब सिअ‍ॅटलला, आणि घरात एक निवृत्त इंजिनिअर, जो दर तासाला फोनवर हवामान बघतो आणि मला मोठ्याने वाचून दाखवतो. अहो, खिडकी आहे ना आपल्याला, असं म्हटलं की राग येतो. मग मी दुपारची लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिथल्या बोर्डावर एके दिवशी कागद दिसला. रशियन बोलणारं कुणी हवं आहे, माझ्या आईशी गप्पा मारायला, आठवड्यातून दोन तास.

मी घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याचा विश्वास बसेना. म्हणाला, तुला रशियन येतं? चाळीस वर्षांत मी तर फक्त फोडणी जळल्यावर तुझ्या तोंडून दोन शब्द ऐकलेत, आणि ते गप्पांचे नसावेत.

पण मला येत होतं. सत्तरच्या दशकात नागपुरातून सोव्हिएत स्कॉलरशिपवर मेडिकलला गेलेल्या मोजक्या मुलींपैकी मी एक. बाबा पोस्टात होते. त्यांनीच पेपरातली जाहिरात कापून माझ्यापुढे ठेवली होती. सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. पोरगी लाल होऊन येईल, नाहीतर गोऱ्याशी लग्न करून बसेल, असं म्हणाले. मी लेनिनग्राडला सहा वर्षं राहिले, थंडीने फुटलेली बोटं आणि डिग्री घेऊन परत आले, आणि लग्न केलं ते या अकोल्याच्या माणसाशी. तेव्हा नातेवाइकांची ती भीती फुकटच गेली.

ज्या बाईने कागद लावला होता ती साठीच्या आसपासची, शाळेत इतिहास शिकवणारी. मी मनात तिला मास्तरीणबाईच म्हणायला लागले. आम्ही लायब्ररीतच कॉफी घेऊन बसलो. तिची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. विसरण्याचा आजार झालेल्यांसाठी जे होम असतं, तिथे. वर्षभरात आईचं इंग्रजी पुसून गेलं होतं. असं होतं. शेवटी शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत टिकते. मी कितीतरी म्हाताऱ्यांचं बघितलं आहे. पण मास्तरीणबाईला रशियनचा एक शब्द येत नव्हता. वडील अमेरिकन. मुलीला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून आई तिच्याशी जन्मभर इंग्रजीतच बोलली.

हे ऐकताना मला चांगलाच चिमटा बसला. माझ्या मुलीचं मराठी वरणभात, आंघोळ आणि "आई, आय एम फाइन" एवढ्यावर संपतं. उद्या माझं इंग्रजी गेलं तर ती कोणत्या लायब्ररीत कागद लावणार?

मास्तरीणबाईचं म्हणणं एवढंच होतं. आई माझा हात धरून तेच तेच काहीतरी सांगते, रडते, आणि मला काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने, मग हेही शब्द जातील. त्याआधी ती काय सांगते आहे ते मला कळायला हवं. मला बाकी काही नको.

मग तिने पर्समधून एक फोटो काढला. मिशीवाला, रुंद कपाळाचा माणूस, आईचे वडील. आणि तिचा चेहराच बदलला. ती मला वर्गात बसल्यासारखं सांगायला लागली, आणि सांगत होती छान, त्यात वाद नाही. एकोणीसशे सतरा साल. पेट्रोग्राड, म्हणजे माझं लेनिनग्राड. तिसऱ्या वर्षात गेलेलं महायुद्ध, कडाक्याची थंडी, आणि पावासाठी पहाटेपासून लागणाऱ्या रांगा. एका गुरुवारी कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि पाव द्या म्हणून ओरडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागे इतर कारखाने आले, तिसऱ्या दिवशी सगळं शहर. झार शहरात नव्हता. लांब लष्कराच्या तळावर बसून त्याने तारेने हुकूम पाठवला की हे बंद करा. रविवारी स्टेशनसमोरच्या चौकात सैन्याला गोळीबाराचा हुकूम मिळाला.

"माझ्या आजोबांनी हवेत झाडली," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तुकडीने बंड केलं. चार दिवसांत झारची गादी गेली."

ती तीस वर्षं दर मार्चमध्ये हे वर्गात सांगत होती. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ती फेब्रुवारीतली क्रांती, आपल्या कॅलेंडरने मार्च. फोटो मुलांच्या हातात फिरवायची आणि विचारायची, हुकूम चुकीचा असेल तर तुम्ही काय कराल? मुलं कितीतरी वर्षांनी तिला दुकानात भेटून त्या आजोबांबद्दल बोलायची. मला हे सगळं नवीनच होतं. आम्हाला तिकडे मेडिकलच्या मुलांनाही इतिहासाचा तास सक्तीचा होता, पण त्यात या आठ दिवसांना अर्धं पान. खरा लाल मजकूर त्याच वर्षीच्या ऑक्टोबर क्रांतीचा. मी त्या चौकातून ट्राम बदलायची, बटाट्याच्या पुऱ्या खायची, आणि तिथे बायका पावासाठी मेल्या हे मला सत्तरीत नेपरव्हिलच्या लायब्ररीत कळलं.

आजीबाईंकडे मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, तुम्ही पुस्तकासारखं बोलता. मी म्हटलं, पुस्तकातूनच शिकले. मग मी कुठली ते त्यांनी विचारलं. हिंदुस्थान म्हटल्यावर त्यांनी माझी बोटं हातात घेऊन चोळली आणि म्हणाल्या, बिचारी, तुला इथे किती थंडी वाजत असेल. बेचाळीस वर्षं या देशात काढली, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच त्यांची झाले.

काही दिवस लख्ख असायचे, काही दिवस गढूळ. त्यांचा जन्म चीनमधल्या हार्बिनचा. क्रांतीनंतरच्या यादवीत पळून आलेल्या रशियनांची तिथे मोठी वस्ती होती. वडिलांना त्या पापा म्हणायच्या. विशीत त्यांच्याबरोबर अमेरिकेत आल्या. मी तुकडे जोडत बसायची. आणि मधूनच ते वाक्य यायचं, जे मुलीला कळत नव्हतं. माझा हात घट्ट धरून त्या म्हणायच्या, "हवेत नाही. हवेत नाही झाडली." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

खरं सांगते, मला पहिल्यांदा ऐकल्यावरच कळलं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं.

मग एका गुरुवारी सकाळी मी गेले तर आजीबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, केस विंचरलेले, आवाज खणखणीत. म्हणाल्या, आज ऐक, आज माझं डोकं जागेवर आहे. आणि तासभर बोलल्या.

पापा एकोणीस वर्षांचा होता. खेड्यातला, नांगरटीवरून उचलून आणलेला, सैन्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. रविवारी त्यांना स्टेशनसमोरच्या चौकात ओळीने उभं केलं. समोर माणसंच माणसं. म्हाताऱ्या बायका पुढे येऊन म्हणत होत्या, लेकरांनो, बंदुका खाली ठेवा. बिगूल वाजला, हुकूम आला, आणि पहिल्या वेळी सगळ्यांनी खरंच हवेत झाडली. पापाने पण. मग अधिकारी ओळीच्या मागून चालत आला. एकेकाच्या बंदुकीवर हात ठेवून नळी खाली करत गेला. पापाच्या मागे येऊन थांबला. हात ठेवला, नळी खाली केली, आणि हात काढलाच नाही. पापाने झाडली. समोर राखाडी शाल घेतलेली एक बाई होती, हातात रॉकेलचा डबा. ती बसल्यासारखी खाली गेली. ती त्याच्याच गोळीने गेली की शेजारच्याच्या, हे त्याला कधीच कळलं नाही.

सोमवारी सकाळी तीच तुकडी म्हणाली, आम्ही आज बाहेर पडणार नाही. अधिकाऱ्याला बराकीच्या अंगणातच गोळी घातली. मग ही पोरं शेजारच्या बराकींत गेली, तिथलीही आली, आणि संध्याकाळपर्यंत शहर लोकांचं झालं होतं. लोकांनी सैनिकांना खांद्यावर घेतलं. काल ज्यांच्यावर गोळ्या चालवल्या त्यांनीच! एका बाईने पापाच्या कोटाला लाल फीत लावली, त्याचे गाल हातात धरले आणि विचारलं, "तू काल कुठे होतास, बाळा?"

आणि पापा म्हणाला, चौकात होतो, पण मी हवेत झाडली.

आजीबाई म्हणाल्या, तिथून ते सुरू झालं. मग बायकोला तेच सांगितलं, हार्बिनमध्ये तेच, शिकागोत तेच. मला तर झोपवताना सांगायचा. मरायला टेकला तेव्हा एकट्या मला बसवून खरं सांगितलं, आणि म्हणाला, माझ्या नातीला मोठी झाल्यावर खरं सांग, तिला माझं खोटं देऊ नकोस. मी हो म्हटलं. आणि मी दिलं. तेच खोटं दिलं. ती इतकी आनंदाने ऐकायची की माझ्याच्याने होईना. आता मला तिच्या भाषेत सांगताच येत नाही. तू सांग. शनिवारी ती आली की तू सांग.

मी हो म्हटलं. माझं हो पण त्यांच्यासारखंच निघालं.

शनिवारी मास्तरीणबाई आली ती नाचतच. पुढच्या आठवड्यात तिचा तो क्रांतीचा धडा होता, निवृत्तीआधीचा शेवटचा. फोटोला नवीन फ्रेम करून आणली होती, आईला दाखवायला. आजीबाईंनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, सांग.

आता मी काय केलं ते सांगते. मी नागपुरात तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलं आहे. तिथे पेशंटला कधी काही सांगायचंच नसायचं. नातेवाईक व्हरांड्यात हात जोडून उभे, डॉक्टर, आईला कळू देऊ नका. आणि आम्ही कॅन्सरला "थोडी सूज आहे" म्हणायचो. लेनिनग्राडलाही अगदी हेच शिकवलेलं. अमेरिकेत आल्यावर मला ते विसरावं लागलं. इथे तोंडावर सगळं सांगून वर सही घेतात. मी सांगायला शिकले. पण ते कामापुरतं, कोट घातला की. समोर लेक हसत बसली आहे, तिच्या मांडीवर आजोबा नव्या फ्रेममध्ये, आणि कुणीतरी परकीने तिला सांगायचं की तुझ्या आजोबांनी बाई मारली? आपल्यात मेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत. मी तोंड उघडलं आणि आपोआप व्हरांड्यातली डॉक्टर बाहेर आली.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "की आजोबांचा तुझ्यावर फार जीव होता. त्यांची गोष्ट तू मुलांना सांगतेस, याचं आईला फार बरं वाटतं."

मास्तरीणबाईने आईला मिठी मारली. रडली, हसली, माझे आभार मानले. आणि तिच्या खांद्यावरून आजीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इंग्रजी गेलं होतं, पण नजर गेली नव्हती. जे मी सांगायला हवं होतं ते ऐकून कुणाचीही लेक अशी हसली नसती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगताना, मेली लाज नाही मला, थोडी शाबासकीही हवी होती. एका म्हाताऱ्या लेकीचं मन राखलं, वगैरे. तो मटार सोलत होता. शेंग हातात धरून थांबला आणि म्हणाला, "तुझ्या भावाने तुझ्याशी हेच केलं होतं ना?"

मी इतकी भडकले की विचारू नका. काय संबंध? कुठल्या कुठे जोडतो हा माणूस! वर जाऊन धाडकन दार लावलं. आणि मग पलंगावर बसून राहिले, कारण संबंध होता.

आमच्या पिढीच्या सगळ्यांची ही गोष्ट आहे. नेपरव्हिलमधल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. मी इथली परीक्षा परत देत होते, मुलगी दीड वर्षाची. भावाला महिन्यातून दोनदा फोन लावायची. बाबा कसे आहेत? मजेत. दे त्यांना. झोपलेत. पुढच्या वेळी, फिरायला गेलेत. सहा आठवडे. माझी परीक्षा झाली त्या दिवशी भाऊ म्हणाला, बाबांची तब्येत जरा नरम आहे, येऊन जा. मी नागपूरच्या विमानतळावर उतरले, आणि समोर माझा भाऊ उभा, डोकं भादरलेलं. कुणाला काही बोलावंच लागलं नाही. बाबा दहा दिवसांपूर्वी गेले होते. सहा आठवडे आजारी होते आणि रोज माझी चौकशी करत होते. भाऊ म्हणाला, तू तिकडे एकटी, लहान पोर, परीक्षा, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी ठरवलं, मला सोडून. ज्या माणसाने पेपरातली जाहिरात कापून मला जग दाखवलं, त्याच्याशी मला एक शेवटचं वाक्य बोलू दिलं नाही. मी भावाशी चार वर्षं बोलले नाही. आजही त्याचा फोन आला की आधी क्षणभर माझं तोंड वाकडं होतं.

आणि आता मी तेच केलं होतं, शहाणपणाने, चहा-बिस्किटं खाऊन. मला माझीच शिसारी आली.

सोमवारीच मास्तरीणबाईला होममध्ये बोलावून खरं सांगते, असं ठरवलं. पण देव असा सोडतो का? सोमवारी होममधून फोन आला, फ्लूची साथ आली आहे, भेटी बंद. दोन आठवडे बंद. मास्तरीणबाईला फोन करून सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी स्वतःला समजवायची की हे फोनवर सांगायचं नसतं. हे खरं होतं आणि पळवाटही होती. तिकडे तिचा धडा होऊन गेला. तिने मला मेसेज केला, मुलांना खूप आवडला म्हणून. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भेटी सुरू झाल्या आणि मी गेले. आजीबाई अर्ध्या झाल्या होत्या. न्यूमोनिया होऊन गेला होता. शब्द फार थोडे उरले होते. पाणी. थंडी. नको. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, मी तिला सांगितलं नाही, माझं चुकलं, आज सांगते. त्यांना समजलं की नाही देव जाणे. त्या दिवशी "हवेत नाही" पण आलं नाही. आता नुसतं मुलीला कळून भागणार नव्हतं. मुलीला कळलं आहे, हे आईला कळायला हवं होतं, आणि आईकडे दिवस नव्हते.

मी व्हरांड्यातूनच मास्तरीणबाईला फोन केला, शाळा सोडून ये म्हटलं. ती धावत आली. आईला काही झालं असं तिला वाटलं होतं. मी तिला खिडकीशी बसवलं आणि सांगितलं. तास, खुर्ची, चौक, नळीवरचा हात, शाल, रॉकेलचा डबा, लाल फीत. आणि मग हेही सांगितलं की हे मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं आणि त्या शनिवारी मी तुझ्याशी खोटं बोलले.

ती म्हणाली, आणि आवाज अजिबात चढवला नाही, त्यानेच मी मेले:

"मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती."

माझं चुकलं म्हटलं. तुला दुखू नये म्हणून, असं जिभेवर आलेलं गिळलं. ते वाक्य मी नागपूरच्या विमानतळावर ऐकलेलं आहे, आणि त्याने काय वाटतं ते मला माहीत आहे.

तिने बाहेर पार्किंगमधल्या बर्फाकडे तोंड फिरवलं. तीस वर्षांची मुलं, ती म्हणाली. हजारो मुलं. मी त्यांना विचारायची, तुम्ही काय केलं असतं. मग रुमालाने नाक पुसलं आणि उठली. मला म्हणाली, मला कळलं आहे आई, त्याने हवेत झाडली नव्हती, हे रशियनमध्ये कसं म्हणायचं ते मला शिकवा. तुम्ही नाही सांगायचं. मी सांगणार.

आम्ही व्हरांड्यात उभ्या राहून घोकलं. साठीची बाई, पोरीसारखी ओठ हलवत. तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं.

आत गेलो. आजीबाई छताकडे बघत पडल्या होत्या. मास्तरीणबाई पलंगावर बसली, आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मोडक्यातोडक्या उच्चारात ते वाक्य म्हणाली. आईने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिने दुसऱ्यांदा म्हटलं. आणि कुठून आणलं कोण जाणे, पण एक अख्खं वाक्य आजीबाई बोलल्या.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "त्या विचारतात, पापा वाईट माणूस होता का?"

काय सोपं होतं माझ्यासाठी! नाही म्हण ग बाई, असं आतून ओरडत होते मी. तिने नाही म्हटलं असतं तर म्हातारी सुटली असती. आणि तिने काहीही म्हटलं तरी मी नाही असं सांगू शकत होते. खोलीत त्या दोघींच्या मधे मी एकटीच होते.

मास्तरीणबाईने आईचा हात दाबला. आणि म्हणाली, "मला माहीत नाही, आई."

मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणते, तिला माहीत नाही.

आजीबाईंनी एक मोठा श्वास सोडला. चेहरा असा सैल झाला, जसा मी त्या सगळ्या महिन्यांत एकदाही बघितला नव्हता. लेकीच्या गालावर हात ठेवून त्या हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि लेक माझ्याकडे वळून थांबली.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "पापालाही नव्हतं माहीत."